सेंटचा डबा, तुरटीचा खडा आणि दुकानदाराचे इमान

गेल्या उन्हाळ्यातील लग्नसराईची गोष्ट आहे. शेणव्यातील आमच्या कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर एक तरुण टेलर मशीन टाकून बसतो. हात सफाईदार, बोलणे अदबीचे, पाच वक्ताचा नमाजी. एके दिवशी दुपारी एक बाई नातवाच्या सदऱ्याचे माप द्यायला आली. पोराने टेप हातात घेऊन मुलाच्या खांद्यावर ठेवला आणि त्या बाईने नकळत पदर नाकाला लावला. ती काही बोलली नाही. माप झाले, पैसे ठरले, ती निघून गेली. पण पोराने ते पाहिले होते. संध्याकाळी दुकान आवरताना तो खालच्या मानेने म्हणाला, "चाचा, माझ्या अंगाला वास येतो, हे तुम्ही तरी सांगायचं होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने शहापूरहून सेंटचा डबा आणला. दिवसभराच्या शिलाईतले निम्मे पैसे त्यात गेले. महिना संपायच्या आत डबा संपला, म्हणून दुसरा आणला. पुढे काखेत पुरळ उठले आणि आग होऊ लागली. दुपारपर्यंत सेंटचा वास आणि घामाचा वास मिसळून तिसराच वास येऊ लागला. शेवटी त्याने विचारले, "चाचा, आता काय करू?"

आम्ही त्याच्या अंगावरचा शर्ट पाहिला आणि मान खाली घालण्याची पाळी आमच्यावर आली. तो शर्ट ईदला त्याने आमच्याच दुकानातून घेतला होता. आतल्या पट्टीवर लिहिले होते, शंभर टक्के पॉलिएस्टर. कापड आमचे, नफा आमचा आणि वासाचा दोष मात्र त्या पोराच्या माथी! व्यापार पानावर अंगाच्या वासाची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु यात कापडवाला, टेलर, अत्तरवाला, किराणावाला आणि भंगारवाला अशा आपल्या पाच धंद्यांचा संबंध आहे, आणि गरीब कारागिराच्या खिशाचा व इज्जतीचाही आहे. म्हणून हे लिहीत आहोत.

घामाला वास नसतो

प्रथम मुद्द्याची गोष्ट समजून घेऊ. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. आपल्या शरीरात घामाच्या ग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. एक प्रकार सर्वांगावर असतो. त्यातून पाणी व मीठ बाहेर येते आणि अंग थंड राहते. दुसरा प्रकार काखेत व जांघेत असतो. त्यातून थोडा दाट घाम येतो आणि त्यात चरबी व प्रथिने असतात. कातडीवर राहणारे सूक्ष्म जंतू हा दाट घाम खातात आणि त्यातून वास निर्माण होतो. म्हणजे वास मेहनतीचा नाही, जंतूंचा आहे. उन्हात नांगर धरणारा, भिवंडीत लूमवर उभा राहणारा किंवा भट्टीसमोर लोखंड ठोकणारा माणूस घाणेरडा नसतो. त्याला घाम अधिक येतो, एवढेच.

बाजारात मिळणाऱ्या वस्तूही दोन जातीच्या आहेत. डिओड्रंट म्हणजे जंतू कमी करणारे किंवा वास झाकणारे. दुसरे घामच रोखणारे. त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाच्या तोंडाशी बूच बसवतात. आपल्याकडे या दोन्हींना आणि साध्या सुगंधी फवाऱ्यालाही लोक 'सेंट' किंवा 'स्प्रे' म्हणतात आणि एकाचे काम दुसऱ्याकडून अपेक्षितात. आमच्या टेलरच्या डब्यात नुसता सुगंध होता. त्याने जंतूंना फारसा धक्का लागत नव्हता.

लाज विकण्याचा धंदा

घामाची लाज माणसाला पूर्वीही वाटत असेल. पण तिचा धंदा कसा उभा राहिला, तो इतिहास व्यापाऱ्याने जरूर वाचावा. अमेरिकेत सिनसिनाटी येथे एक डॉक्टर होते. शस्त्रक्रिया करताना हाताला घाम येऊ नये म्हणून त्यांनी एक द्रव तयार केला. त्यांची मुलगी एडना मर्फी हिने तो 'ओडोरोनो' या नावाने काखेसाठी विकायला काढला. १९१२ मध्ये अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात तिने त्याचा खप वाढवला. पुढे १९१९ मध्ये त्या मालाची एक जाहिरात आली. तुमच्या अंगाला वास येतो, तुम्हाला तो कळत नाही आणि तुमच्या पाठीमागे लोक बोलतात, असा तिचा रोख होता. ती वाचून अनेक स्त्रियांना संताप आला, काहींनी ते मासिकच बंद केले. पण मालाचा खप मात्र जोरात वाढला. गंमत अशी की, हा द्रव आम्लाचा आणि लाल रंगाचा होता. तो कातडीला झोंबे आणि कपडाही खाई. कापड दुकानदाराचे नुकसान त्या काळापासून सुरू आहे!

आपल्या देशात १९९९ मध्ये ॲक्स आला आणि तरुणांत बॉडी स्प्रेची हवा झाली. २०११ मध्ये अहमदाबादच्या विनी कंपनीने 'यात गॅस नाही' असे सांगून फॉग बाजारात आणला आणि मोठमोठ्या परदेशी कंपन्यांना मागे टाकले. पुढे २०२१ मध्ये केकेआर या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने विनीमधील नियंत्रणाचा हिस्सा घेतला. हा सौदा सुमारे साडेबासष्ट कोटी डॉलरचा होता. धंदा म्हणून ही कर्तबगारी आहे, तिच्याकडून शिकावे. परंतु या मालाच्या जाहिराती कोणत्या थराला गेल्या तेही पाहावे. जून २०२२ मध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिराती इतक्या हीन होत्या की केंद्र सरकारला त्या काढून टाकण्याचा हुकूम द्यावा लागला. आपल्या मुली-सुनांबरोबर बसून जी जाहिरात पाहता येत नाही, तिच्यावरचा माल आपली मुले न चुकता विकत घेतात.

डब्याचे पुढे काय होते?

फवाऱ्याच्या डब्यात सुगंध थोडा आणि ढकलणारा वायू पुष्कळ असतो. पूर्वी हा वायू सीएफसी जातीचा असे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, हा वायू वर जाऊन ओझोनचे कवच खातो. मग १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला आणि भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. आज डब्यात सीएफसी नसतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच्या जागी बहुधा ब्यूटेन, प्रोपेन हे वायू असतात, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलेच. म्हणून डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेले असते की, उन्हात ठेवू नका, पन्नास अंशांपेक्षा अधिक तापू देऊ नका, रिकामा झाला तरी भोसकू नका, जाळू नका.

आता हे बारीक अक्षर आमच्या खेड्यात कोण वाचतो? शेणवा, किन्हवली, डोळखांब या भागातल्या अनेक पाड्यांवर कचरा नेणारी गाडी जात नाही. घरामागे खड्डा, त्यात कचरा आणि संध्याकाळी काडी. त्या आगीत सेंटचा डबा पडला की बंदुकीसारखा बार होतो. शेजारी मुले खेळत असतात. भंगाराच्या धंद्यात आपले कितीतरी बांधव आहेत. त्यांना आमची कळकळीची विनंती आहे की, असा डबा हातोड्याने चेपण्यापूर्वी त्यातला वायू मोकळ्या हवेत, विडी-काडीपासून दूर, पूर्ण काढून टाकावा आणि डबे इतर भंगारात मिसळू नयेत. डबा पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर त्याला भाव येतो. पण वरचे झाकण, आतली नळी आणि चावी ही प्लॅस्टिकची असतात, ती कोणी घेत नाही. ती ओढ्यात जातात आणि ओढा पुढे नदीला मिळतो. 'गॅस नाही' म्हणणाऱ्या डब्याचा स्फोट होण्याची भीती कमी असेल, पण तो रिकामा झाल्यावर कचराच होतो.

कसूर आमच्याही मालाचा

आता आमच्या धंद्याबद्दल. कापडाच्या व्यापाऱ्याला हे आकडे पाठ असायला हवेत. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरते. पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का, शून्य दशांश चार. याचा अर्थ असा की सुती बनियन घाम पिऊन घेते आणि पॉलिएस्टर त्याला कातडीवरच ठेवते. शिवाय पॉलिएस्टरचा धागा पाण्यापेक्षा तेलाशी दोस्ती करतो. घामातली चरबी त्याला चिकटते आणि साध्या धुण्याने पुरती निघत नाही. म्हणून धुतलेला शर्टही अंगात घालून तासभर झाला की जुना वास पुन्हा डोके वर काढतो.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये याची तपासणी प्रसिद्ध केली. सव्वीस निरोगी माणसांना टी-शर्ट घालून तासभर जोरात सायकल चालवायला लावली. ते टी-शर्ट दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून हुंगणाऱ्या मंडळींकडून तपासले. पॉलिएस्टरचे कपडे सुती कपड्यांपेक्षा अधिक घाण वासाचे ठरले. मायक्रोकॉकस जातीचे जंतू पॉलिएस्टरवर विशेष वाढतात, असेही आढळले.

मग पॉलिएस्टर विकणे बंद करावे काय? तसे आम्ही म्हणणार नाही. ते स्वस्त असते, टिकते, लवकर वाळते, इस्त्री मागत नाही. पावसाळ्यात आमच्या भागात चार चार दिवस सुती कपडा वाळत नाही. मजुरीवर जाणाऱ्या माणसाला दोनच जोड परवडतात, त्याने काय करावे? परंतु गिऱ्हाइकाला खरे सांगणे आमचे काम आहे. आम्ही वर्षानुवर्षे 'टेरिकॉट आहे' म्हणून कापड ताग्यावरून फाडून दिले आणि त्यात सूत किती, टेरीन किती, हे विचारल्याशिवाय सांगितले नाही. आता आम्ही सांगतो. रोजच्या मेहनतीसाठी सुती किंवा सूत जास्त असलेले कापड घ्या. पॉलिएस्टरच घ्यायचे तर आत सुती बनियन घाला. कपडा उलटा करून काखेचा भाग साबण लावून आधी चोळा. घामट कपड्याची मोटली करून रात्रभर ठेवू नका, पाणी नसेल तर निदान दोरीवर पसरून ठेवा. कडक उन्हासारखा दुसरा औषधवाला नाही.

टेलर बांधवांसाठीही यात काम आहे. आपल्या बुजुर्गांच्या कुर्त्याला काखेत चौकोनी तुकडा लावीत, त्याला चौबगला म्हणतात. त्यामुळे हात मोकळा राही, काखेत हवा खेळे आणि कपडा तेथे चिकटत नसे. आजच्या घट्ट शर्टात तो गेला. गिऱ्हाइकाला विचारून चौबगला लावा, किंवा काखेत सुती अस्तराची पट्टी टाचून द्या. ती काढून रोज धुता येते आणि पूर्ण शर्ट धुवावा लागत नाही. चिंधीतून होणारे काम आहे आणि त्याची मजुरी गिऱ्हाईक खुशीने देते.

तुरटीचा खडा

आता काखेत लावायचे काय? उत्तर किराण्याच्या दुकानात काही रुपयांना मिळते. ते म्हणजे तुरटी, जिला आपण घरात फिटकरी म्हणतो. न्हावी दाढीनंतर तीच लावतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तीच फिरवतात आणि गाळ खाली बसतो. कापडवाल्यांना तर तिची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कच्छचे अजरख छापणारे खत्री कारागीर, मध्य प्रदेशातील बाघचे छापकाम करणारे खत्री, हे आपलेच बांधव. ते कपड्यावर तुरटीचे ठसे मारतात, मग लाल रंग त्या जागी पक्का धरतो. तुरटी नसेल तर तो लाल रंग धुण्यात निघून जातो.

काखेत ती जंतूंना वाढू देत नाही आणि कातडी किंचित आवळते. वापरण्याची रीत सोपी आहे. आंघोळीनंतर ओल्या काखेत ओला खडा चार-सहा वेळा फिरवावा, वाळू द्यावे, मगच कपडा घालावा. खडा धुऊन कोरड्या जागी ठेवावा. हात सुटला तर तो फुटतो आणि कडा धारदार होते, ती दगडावर घासून घ्यावी. एक चांगला खडा महिनोन्‌महिने जातो. त्याला डबा नाही, चावी नाही, वायू नाही. संपतो तेव्हा मागे काहीही उरत नाही.

आता इमानाने तिची दुसरी बाजू. तुरटी घाम थांबवत नाही, वास कमी करते. ज्यांना फार घाम येतो त्यांना दुपारी काख पुसून पुन्हा लावावी लागते. काख कापली असेल किंवा नुकतेच केस काढले असतील तर झोंबते, त्या दिवशी लावू नये. आणि महत्त्वाचे म्हणजे तुरटीत ॲल्युमिनियम असते. तिचे शास्त्रीय नावच पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट आहे. तेव्हा तुरटीचीच कांडी करून वर 'ॲल्युमिनियममुक्त' असे छापणारा गिऱ्हाइकाला फसवतो. ॲल्युमिनियममुळे कर्करोग होतो अशी भीती पसरवली जाते. आजवरच्या संशोधनातून तसा संबंध सिद्ध झालेला नाही, म्हणून ती भीती विकून आपण माल खपवू नये. मात्र ज्यांची किडनी दुबळी आहे त्यांनी घाम रोखणारी ॲल्युमिनियमची औषधे डॉक्टरांना विचारूनच वापरावीत. कोणी खाण्याचा सोडा लावतात. सोडा वास मारतो, पण कातडी स्वभावाने किंचित आंबट असते आणि सोडा तिच्या उलट, म्हणून पुष्कळांना पुरळ उठते. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे, असे समजू नये. आणि अचानक घाम किंवा वास फार वाढला, तर तुरटीवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.

अत्तराचा मान

आपल्या समाजात सुगंधाला मान आहे. आमचे प्रेषित (स.) यांना सुगंध प्रिय होता. जुमाला गुस्ल करावे, स्वच्छ कपडे घालावेत, सुगंध असेल तर लावावा, अशी शिकवण आहे. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असेही आहे, कारण शेजाऱ्याच्या नाकाचा हक्क आपल्यावर आहे. काखेचे व नखांचे काम चाळीस दिवसांपलीकडे टाळू नये, हेही आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. ज्या दीनने पाकीला इतके महत्त्व दिले आहे, त्याच्या मानणाऱ्यांनी तिची लाज जाहिरातवाल्याकडून शिकावी हे बरे नव्हे. स्प्रेमधील अल्कोहोलबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्यात आम्ही पडत नाही, ज्याने त्याने आपल्या विश्वासू आलिमांना विचारावे.

अत्तराला असा प्रश्न पडत नाही. कनौजला आजही तांब्याच्या देगमध्ये फुले व पाणी घालून खाली मंद आच देतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते आणि आतल्या चंदनाच्या तेलात तिचा गंध उतरतो. वाळ्याचे अत्तर, गुलाबाचे अत्तर, एवढेच काय, भाजलेल्या मातीचे अत्तर! पहिल्या पावसाचा वास बाटलीत भरणारे कारागीर आपल्या देशात आहेत. हे अत्तर एका थेंबाने भागते, त्याची काचेची कुपी पुन्हा पुन्हा भरता येते. मुंबईत मोहम्मद अली रोडवर रमजानमध्ये लोक घरची कुपी घेऊन जात आणि तोळ्यावर अत्तर भरून आणीत, ते आमच्या लहानपणी आम्ही पाहिले आहे.

पण येथेही खरे बोलू. अत्तर वास झाकते, जंतू मारत नाही. घामट काखेवर अत्तर चोळणे म्हणजे न झाडता सतरंजी अंथरणे. आधी पाणी, मग तुरटी, मग सुती कपडा आणि शेवटी कापसाच्या फायावर एक थेंब. पांढऱ्या कपड्यावर थेट लावू नये, तेलाचा डाग जात नाही, हे कपडेवाल्याचे सांगणे आहे.

आणि इमानाचा मुद्दा अत्तराच्या दुकानातच अधिक लागू आहे. चंदनाचे तेल फार महागले. म्हणून अनेक ठिकाणी पॅराफिनच्या तेलात कारखान्यातला सुगंध मिसळून त्याला चंदनी अत्तर म्हणून विकतात. मिसळलेला माल विकणे गुन्हा नाही, मिसळलेला असून शुद्ध म्हणून विकणे गुन्हा आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली. वर कोरडे, आत भिजलेले. तेव्हा त्यांनी दुकानदाराला काय सुनावले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. ओले धान्य वर ठेवले असते तर गिऱ्हाइकाने पाहून घेतले असते. आज 'नैसर्गिक', 'हर्बल', 'शुद्ध' ही छापील अक्षरे म्हणजे राशीवरचे कोरडे दाणे झाली आहेत. काही रुपयांची तुरटी प्लॅस्टिकच्या नळीत बसवून शेकडो रुपयांना विकली जाते आणि तिला 'कचरामुक्त' म्हणतात. ही नक्कल आपल्या बांधवांनी करू नये.

पाणी नसलेल्या घराचे काय?

एक आक्षेप आम्हाला आमच्याच घरातून ऐकायला मिळाला. "रोज आंघोळ करा, कपडे धुवा, असे लिहिणे सोपे आहे. पाणी कोण आणणार?" हा प्रश्न खरा आहे. भातसा आणि तानसा ही धरणे आमच्या शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईकर पितो आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत हंडे घेऊन बसतात. ज्या बाईने दोन मैलांवरून हंडा आणला, तिला शर्ट रोज धुवा म्हणण्याचा हक्क कोणाला आहे? ज्या बाईने नाकाला पदर लावला तिच्याही घरी कदाचित तीच गत असेल. म्हणून आमचा सल्ला कमी पाण्यावर बेतलेला आहे. तांब्याभर पाण्यात फडके भिजवून काख व मान पुसणे, तुरटी फिरवणे, सुती पट्टी तेवढी धुणे, कपडा उन्हात घालणे. आणि पाण्याच्या हक्काची मागणी करताना आपण व्यापाऱ्यांनीही त्या बायांबरोबर उभे राहावे. घाम येणाऱ्या माणसाला नावे ठेवून हा प्रश्न सुटत नाही.

धंदा आहे, पण कष्टाचा

यात कमाई कोठे, असे व्यापारी विचारील. याच शहापूरचे उदाहरण पाहा. येथील कातकरी तरुणांनी संस्था उभी करून जंगलातील गुळवेल गोळा केली, वाळवली, साफ केली आणि मोठ्या औषध कंपन्यांना विकली. २०२१ च्या सुमारास सरकारच्या ट्रायफेडने सांगितल्याप्रमाणे त्यांना सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी आली होती. त्यांच्याकडे ना मोठे भांडवल होते, ना जाहिरात. त्यांच्याकडे एक होते की जे सांगितले तेच पोत्यात भरले.

आपणही लहान सुरुवात करू शकतो. किराणावाल्याने तुरटीचे ओबडधोबड ढेकूळ तसेच न विकता घासून गुळगुळीत केलेला खडा कागदात बांधून द्यावा, वर वापरण्याची रीत आणि खबरदारी मराठी व उर्दूत छापावी. अत्तरवाल्याने घरची कुपी आणणाऱ्याला सूट द्यावी आणि शुद्ध व मिश्र माल वेगळ्या फळीवर ठेवावा. टेलरने काखेची पट्टी शिकून घ्यावी. आमच्यासारख्या कापडवाल्यांनी ताग्यावर सूत व टेरीनचे प्रमाण ठळक लिहावे. मुरबाड, सरळगाव, किन्हवली, म्हशाची जत्रा, जेथे आपण फडी मांडतो तेथे हे सहज होईल. यात कोणी रातोरात श्रीमंत होणार नाही. स्प्रेच्या डब्यावर सुटणारी दलाली तुरटीच्या खड्यावर सुटत नाही, हे आम्ही कबूल करतो. पण जो गिऱ्हाईक वासाची लाज घेऊन आला आणि कमी पैशात ती लाज घालवून गेला, तो दुसऱ्या दुकानात जात नाही.

त्या टेलरचे पुढे काय झाले? आम्ही त्याचा पॉलिएस्टरचा शर्ट परत घेतला आणि खरेदीच्या भावात दोन सुती सदऱ्यांचे कापड दिले. त्याने स्वतःच शिवले, चौबगला लावून. पुरळ जाईपर्यंत त्याने काखेत काहीच लावले नाही, मग तुरटी सुरू केली. चमत्कार झाला नाही. मे महिन्याच्या दुपारी त्याला घाम येतोच, आणि पत्र्याखाली मशीन चालवणाऱ्याला तो येणारच. पण त्याच्यापासून आता कोणी दूर सरकत नाही. डब्यावर जाणारे पैसे त्याने जमवले आणि त्यातून मशीनची मोटर बसवली.

आमची एवढीच विनंती आहे की, वाचकांनी या आठवड्यात आपल्या दुकानातील एक गोष्ट तपासावी. कापडावरची पट्टी, अत्तराची फळी किंवा भंगारातील डब्यांचा ढीग, जे आपले असेल ते. त्यात गिऱ्हाइकापासून किंवा कामगारापासून आपण काय लपवतो आहोत ते पाहावे आणि ते सांगून टाकावे. आम्ही आमच्या ताग्यांपासून सुरुवात केली आहे. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.